सीपीके उतरलं, पण आई अजून उठत नाही

निफाड तालुक्यातून एका लेकीने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. आईचं वय ५२. गेल्या पावसाळ्यापासून जमिनीवरून उठताना हाताचा टेकू लागू लागला. दिवाळीच्या सुमारास वेणी घालताना हात वर राहीना. तपासणीत एसजीओटी-एसजीपीटी वाढलेलं निघालं, म्हणून लिव्हरची औषधं सुरू झाली. मग पापण्या सुजून जांभळट झाल्या. त्वचेच्या डॉक्टरांनी सीपीके, म्हणजे स्नायू तुटले की रक्तात वाढणारं एन्झाइम, तपासायला सांगितलं, ते ६,८०० आलं आणि निदान झालं डर्मॅटोमायोसायटिस, म्हणजे प्रतिकारशक्तीच स्नायू आणि त्वचेवर उलटण्याचा आजार. प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड ५० मिलिग्रॅमने सुरू झालं, आता ३० वर आहे. सोबत प्रतिकारशक्ती आवरणारं मेथोट्रेक्सेट, आठवड्यातून एकदा. अडीच महिन्यांत सीपीके ४१० वर आलं, पण आईला एसटीची पायरी अजून चढवत नाही. चेहरा सुजलाय, जेवणानंतरची साखर २४० झाली आहे. नातेवाईक म्हणतात, स्टेरॉइड बंद करा आणि पूर्ण झोपवून ठेवा. कुणी म्हणतं हा कॅन्सरच असतो. आणि आईचा स्वतःचा एकच प्रश्न आहे: येत्या गणपतीत मोदक वळायला खाली बसता येईल का?

शेवटच्या प्रश्नापर्यंत मी येईनच, कारण माझ्या दृष्टीने सगळ्यात नेमका प्रश्न तोच आहे. आधी या आजारात नेमकं काय होतं ते सांगतो. ते कळलं की रिपोर्ट आणि आईची हालचाल यांच्यातला फरक आपोआप उलगडेल.

आपली रोगप्रतिकारशक्ती परक्याशी लढण्यासाठी आहे. विषाणू शिरला की शरीरातल्या पेशी इंटरफेरॉन नावाचा इशारा देतात आणि सैन्य गोळा होतं. डर्मॅटोमायोसायटिसमध्ये विषाणू नसतानाही हा इशारा चालूच राहतो. त्याचा मारा पडतो तो स्नायूंतल्या केसाएवढ्या बारीक रक्तवाहिन्यांवर, स्नायूंच्या तंतूंवर आणि त्वचेवर. स्नायूचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर तंतूंच्या प्रत्येक जुडीच्या कडेचे तंतू आधी वाळलेले दिसतात, उसाच्या फडात कडेच्या सरींना पाणी न पोचल्यासारखे. हे चित्र इतकं खास आहे की ते दिसलं की निदानाबद्दल फारशी शंका उरत नाही.

धडाजवळचे स्नायू आधी आणि जास्त सापडतात: मांड्या, नितंब, खांदे, दंड, मान. हाताची पकड बराच काळ शाबूत असते. त्यामुळे घरात एक विचित्र दृश्य दिसतं. बाई पोळ्या लाटते, ब्लाउजचे हुक लावते, भाजी निवडते. पण फडताळातला वरचा डबा काढता येत नाही, पाटावरून उठता येत नाही, भारतीय पद्धतीच्या संडासात बसली की उठायला नळ धरावा लागतो. पाहणाऱ्याला वाटतं, हाताने सगळं करते, मग उठायलाच काय झालं? मी कितीतरी बायकांच्या डोळ्यांत या एका वाक्याने आलेलं पाणी पाहिलंय. तुमच्या घरात कुणी असं बोललं असेल तर त्यांना हा परिच्छेद वाचून दाखवा.

दुसरी गोष्ट म्हणजे हा आजार मुख्यतः दुखण्याचा नाही, बळ जाण्याचा आहे. दुखतंही, पण निम्म्याहून जास्त वेळा रुग्ण सांगतो, ‘दुखत नाही हो, पायात जीवच नाही.’ आपल्याकडे इथेच फसगत होते. पुणे जिल्ह्यातल्या भिगवणला १९९६ मध्ये सांधे-स्नायूंच्या तक्रारींची घरोघर जाऊन पाहणी झाली होती. अंगदुखी-सांधेदुखी हीच गावातली सगळ्यात मोठी तक्रार निघाली. घरटी एकाचं गुडघं-कंबर दुखत असताना ‘उठवत नाही’ म्हणणारी बाई त्याच रांगेत उभी केली जाते. कॅल्शियम, ड जीवनसत्त्व, ‘पाळी जाण्याचं वय आहे’, एखादं वेदनाशामक, असं चालू राहतं.

मी स्वतःही यात चुकलोय. शिकाऊ असताना एक शिक्षिका आल्या होत्या. म्हणाल्या, फळ्यावर वरच्या ओळी लिहिताना हात खाली येतो. थायरॉइड थोडं कमी होतं, मी त्याची गोळी लिहून दिली आणि सहा आठवड्यांनी बोलावलं. त्या चार आठवड्यांनी आल्या त्या चाकाच्या खुर्चीतून, आणि पाणी पिताना ते नाकातून परत येत होतं. त्यांना खाली बसवून ‘हात न टेकता उठा’ एवढं सांगितलं असतं तर पहिल्याच दिवशी कळलं असतं. तेव्हापासून माझ्या खोलीत येणाऱ्या प्रत्येकाला मी खुर्चीतून हाताची घडी घालून उठायला लावतो.

तुमच्या आईंच्या बाबतीत लिव्हरच्या वाटेने गेलेले दिवस हीसुद्धा नेहमीची फसगत आहे. एसजीओटी आणि एसजीपीटी ही एन्झाइम्स लिव्हरमध्ये असतात तशीच स्नायूंतही असतात. स्नायू तुटला की ती रक्तात येतात. काविळीचं बिलिरुबिन नॉर्मल, लिव्हरचं दुसरं एन्झाइम जीजीटी नॉर्मल, आणि सोबत अशक्तपणा असेल तर लिव्हरची सोनोग्राफी करण्याआधी वीस-तीस सेकंद थांबून सीपीके लिहावं, असं मी माझ्या विद्यार्थ्यांना सांगत असतो. आणि एक बारकावा: ट्रोपोनिन-टी ही हृदयविकाराची तपासणीही या आजारात नुसत्या स्नायूंमुळे वाढू शकते. उद्या कुठल्या इमर्जन्सीत ती वाढलेली दिसली तर तिथल्या डॉक्टरांना आजाराचं नाव सांगा, ते ट्रोपोनिन-आय करून घेतील. हृदयाच्या स्नायूलाही हा आजार क्वचित धरतो, म्हणून ती शंका थेट झटकायचीही नाही.

त्वचेबद्दल जरा सांगतो. परदेशी पुस्तकांत पापण्यांवरचा रंग फिकट जांभळ्या फुलासारखा दाखवतात. आपल्या सावळ्या कातडीवर तो गडद, तपकिरी-जांभळट दिसतो आणि बायका त्याला वांग समजून क्रीम लावत बसतात. बोटांच्या पेरांवर, म्हणजे सांध्यांच्या नेमक्या वर, चपट्या खरबरीत पुटकुळ्या येतात. यांना गॉट्रनचे पॅप्युल म्हणतात. गळ्याखाली आणि पाठीवर, ब्लाउजचा गळा जिथे उघडा राहतो तिथे, काळपट लाली पसरते. डोक्यात विलक्षण खाज सुटते, कोंडा समजून शाम्पू बदलले जातात. नखांच्या मुळाशी बारीक लाल केशवाहिन्या दिसतात. हे सगळं ऊन लागलं की भडकतं. द्राक्षबागेत जात असतील तर सकाळी दहाच्या आत किंवा सूर्य कलल्यावर, पूर्ण बाह्या, डोक्यावर स्कार्फ, आणि चेहऱ्याला-मानेला सनस्क्रीन; हे औषधाइतकंच महत्त्वाचं आहे, शोभेचं नाही.

आता मुख्य मुद्द्याकडे. सीपीके ६,८०० वरून ४१० वर आलं, मग ताकद का नाही आली?

सीपीके हे स्नायूतून गळणारं एन्झाइम आहे. ते उतरलं याचा अर्थ गळती बऱ्याच अंशी थांबली. गळती थांबली म्हणजे टाकी भरली असं नव्हे. तुटलेले तंतू पुन्हा बांधायला शरीराला महिने लागतात, आणि जे तंतू आत चरबी होऊन बसले ते परत येत नाहीत. माझ्या अनुभवात सीपीके सहा-आठ आठवड्यांत उतरतं आणि ताकद त्याच्या मागून, दोन-तीन महिन्यांनी, लंगडत येते. त्यामुळे अडीच महिन्यांनी एसटीची पायरी चढता न येणं याचा अर्थ औषध फसलं असा लगेच काढू नका.

पण नुसतं ‘वाट पाहा’ म्हणूनही मी मोकळा होणार नाही, कारण इथे दुसरी एक शक्यता असते. स्टेरॉइड स्वतःच मांड्यांचे स्नायू पातळ करतं. जास्त डोस अनेक आठवडे चालला की आजार शमत असतानाच औषधामुळे अशक्तपणा येतो, आणि त्यात सीपीके नॉर्मल असतं. दोन्हींत फरक कसा करायचा? एक खूण मानेत आहे. आईंना उशी न घेता उताणं झोपवा आणि डोकं वर उचलून हनुवटी छातीकडे न्यायला सांगा. डर्मॅटोमायोसायटिस जागा असेल तर मान उचलताना त्रास होतो. स्टेरॉइडच्या अशक्तपणात मान बहुधा शाबूत असते, मार मांड्यांवर पडतो. दुसरी खूण काळाची: आधी सुधारणा होती आणि मग महिन्याभरात फक्त उठणंबसणं बिघडलं, सीपीके मात्र खालीच आहे, तर स्टेरॉइडवर संशय जातो. तरीही शंका राहिली तर मांड्यांचा एमआरआय करतात. त्यात सूज आणि चरबी वेगवेगळी दिसते. सूज असेल तर औषध वाढवायचं. चरबी असेल तर औषध वाढवून काही हाती लागत नाही, व्यायामावर जोर द्यायचा. दोन्हींचे उपाय उलटसुलट आहेत, म्हणून हा निर्णय अंदाजाने किंवा फोनवरून घेऊ नये.

घरी एक वही करा. दर रविवारी सकाळी, चहानंतर, त्याच खुर्चीतून हाताची घडी घालून अर्ध्या मिनिटात आई किती वेळा उठू शकतात ते मोजा. दोन्ही हात खांद्याच्या रेषेत समोर धरून किती सेकंद राहतात ते लिहा. उताणं झोपून डोकं उचललेलं किती सेकंद टिकतं ते लिहा. आणि एका ओळीत, या आठवड्यात नवीन काय जमलं: वेणी, बादली, पायरी. पुढच्या भेटीला ही वही आधी दाखवा, सीपीकेचा कागद नंतर. मी तरी रुग्णाची गोळी वहीवर कमी-जास्त करतो. सीपीकेच्या आकड्यात थोडी चढउतार इतर कारणांनीही होते. आदल्या दिवशी कमरेत इंजेक्शन घेतलं किंवा सवयीपेक्षा जास्त कष्ट झाले तरी तो वाढतो. म्हणून रक्त देण्याआधी दोन-तीन दिवस स्नायूत इंजेक्शन घेऊ नका.

नातेवाईकांच्या दोन सल्ल्यांपैकी पहिल्याला माझा ठाम विरोध आहे. स्टेरॉइड एकाएकी बंद करायचं नाही. कुठल्याही कारणाने नाही, साखर वाढली म्हणूनही नाही. बाहेरून गोळी मिळत असताना मूत्रपिंडांवरच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी स्वतःचं कॉर्टिसोल बनवणं थांबवतात. गोळी अचानक बंद केली तर त्या लगेच जाग्या होत नाहीत. रक्तदाब कोसळतो, उलट्या होतात, माणूस बेशुद्ध पडू शकतो. आजार उसळतो तो वेगळाच. साखर २४० असेल तर साखरेवर इलाज करायचा, प्रसंगी काही महिन्यांपुरतं इन्सुलिन घ्यायचं. गोळी सकाळी नाश्त्यानंतर घ्यायची. मीठ कमी, हाडांसाठी कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व, आणि हाडांची घनता तपासून गरज पडल्यास हाडांचं वेगळं औषध. चेहऱ्याची सूज डोस उतरेल तशी उतरते. हे सांगताना मला जाणीव आहे की आरशात रोज वेगळाच चेहरा बघणं सोपं नसतं. आईंचं दुःख ‘दिसण्याचं काय एवढं’ म्हणून उडवून लावू नका.

स्टेरॉइडबद्दल आपल्याकडे इतकी भीती आहे की त्याचा जन्म सांगावासा वाटतो. १९४८ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी आमवाताने अंथरुणाला खिळलेल्या एका स्त्रीला कॉर्टिसोन दिलं आणि काही दिवसांत ती चालू लागली. १९५० मध्ये त्यांना केंडल आणि राइखस्टाइन यांच्यासोबत नोबेल मिळालं. जास्त डोस दीर्घकाळ चालवण्याचे तोटेही लवकरच दिसले. त्यामुळेच आज आम्ही पहिल्यापासून मेथोट्रेक्सेट, अ‍ॅझाथायोप्रिन किंवा मायकोफेनोलेटसारखं दुसरं औषध जोडतो. ही औषधं हळू चढतात, दोन-तीन महिने घेतात, पण चढली की स्टेरॉइड खाली आणता येतं. तुमच्या आईंचं ५० वरून ३० वर येणं त्याच वाटेवर आहे.

मेथोट्रेक्सेटबद्दल एक गोष्ट मी हात जोडून सांगतो. ते आठवड्यातून एकदाच. रोज नाही. इतर सगळ्या गोळ्या रोजच्या असल्यामुळे घरात, कधी औषधाच्या दुकानातही, चूक होते आणि रोज घेतलेलं मेथोट्रेक्सेट आठवड्याभरात जीव घेऊ शकतं. तोंडभर फोड येतात, रक्तपेशी कोसळतात. वार ठरवा, कॅलेंडरवर त्या वाराला गोल करा, गोळीचं पाकीट रोजच्या डब्यात ठेवूच नका. फॉलिक अ‍ॅसिड डॉक्टरांनी सांगितलेल्या दुसऱ्या दिवशी. तोंड आलं, ताप आला, कोरडा खोकला सुरू झाला तर पुढचा डोस घेण्याआधी फोन करा. आधीच वाढलेल्या एसजीपीटीमुळे हे औषध देताना डॉक्टर कचरत असतील, तर त्यांना जीजीटीसह पूर्ण चित्र पाहून ठरवू द्या.

दुसऱ्या सल्ल्यात, म्हणजे पूर्ण विश्रांतीत, अर्धं तथ्य आहे. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी आम्हीही तेच सांगायचो. स्नायू आधीच सुजलाय, त्याला ताण दिला तर आणखी तुटेल अशी भीती होती. स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेतल्या फिजिओथेरपिस्ट हेलेन अलेक्झांडरसन आणि डॉ. इन्ग्रिड लुंडबर्ग यांनी १९९० च्या दशकाच्या शेवटी ती भीती तपासून पाहिली. रुग्णांकडून घरच्या घरी, आठवड्यातून पाच दिवस, बेताचे व्यायाम करून घेतले. आजार भडकला नाही, ताकद वाढली. त्यानंतर अनेक अभ्यासांत हेच दिसत आलं आहे. तेव्हा अगदी सुरुवातीचे, सीपीके हजारांत असतानाचे दिवस सोडले तर झोपून राहणं हे नुकसानच आहे. न वापरलेला स्नायू आजाराशिवायही वाळतो. जोरात चोळून मालीश मात्र नको, सुजलेल्या स्नायूवर त्याने दुखणं वाढतं. हलक्या हाताने तेल लावलं तर हरकत नाही, त्याने आजार जात नाही एवढंच लक्षात ठेवा.

आता कॅन्सर. ही भीती निराधार नाही, म्हणून टाळूनही चालणार नाही. मोठ्या वयात डर्मॅटोमायोसायटिस झालेल्या काही जणांत शरीरात कुठेतरी लपलेली गाठ सापडते. गाठीशी लढणारी प्रतिकारशक्तीच वाट चुकून स्नायूंवर गेलेली असते, असं त्यामागचं एक कारण समजलं जातं. बहुतेकांत अशी गाठ निघत नाही. धोका सगळ्यात जास्त असतो तो निदानाच्या आगेमागे वर्षभर, आणि तीन वर्षांनंतर तो बराच ओसरतो. कुणात जास्त शोधायचं हे रक्तातल्या मायोसायटिसच्या (स्नायूंच्या दाहाच्या) अँटिबॉडींवरून, म्हणजे स्वतःच्याच शरीराविरुद्ध बनलेल्या प्रथिनांवरून, बरंचसं ठरतं. टीआयएफ-१-गॅमा किंवा एनएक्सपी-२ निघाली तर शोध कसून करायचा. एमआय-२ निघाली तर त्वचा ठसठशीत बिघडते पण औषधाला आजार चांगला दाद देतो. २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाने जास्त, मध्यम आणि नेहमीचा धोका असे गट पाडून कुणाच्या कोणत्या तपासण्या करायच्या हे स्पष्ट केलं आहे. तुमच्या आईंचं वय चाळिशीच्या पुढे, म्हणून छाती-पोट-ओटीपोटाचं सीटी, मॅमोग्राफी, गर्भाशयमुखाची तपासणी आणि अंडाशयाची सोनोग्राफी झाली आहे का ते विचारा. तुमच्या पत्रात याचा उल्लेख नाही. झाल्या नसतील तर या महिन्यात करा. लहान मुलांना होणाऱ्या या आजारात कॅन्सरचा असा संबंध नसतो, हे इथेच सांगून टाकतो, कारण धास्तावलेले आईबाप मला ते हमखास विचारतात.

अँटिबॉडींची ही पट्टी साध्या एएनएपेक्षा, म्हणजे अशा आजारांच्या नेहमीच्या पहिल्या रक्ततपासणीपेक्षा, वेगळी असते. एएनए निगेटिव्ह असूनही जेओ-१ ही अँटिबॉडी पॉझिटिव्ह असू शकते. जेओ-१ च्या कुटुंबातल्या आजारात सांधे सुजतात, बोटांच्या कडा मेकॅनिकच्या हातासारख्या भेगाळतात, थंडीत बोटं पांढरी-निळी पडतात आणि फुप्फुसांत चट्टे धरतात. एमडीए-५ नावाची एक अँटिबॉडी आहे, तिच्यात तर ताकद जवळपास ठीक, सीपीके नॉर्मल, पण तळहातावर दुखरे लाल ठिपके, पेरांवर जखमा आणि काही आठवड्यांत फुप्फुसं बंद पडू लागतात. सीपीके नॉर्मल म्हणून निर्धास्त राहिलेल्या रुग्णांत हीच सगळ्यात घातक ठरते. त्यामुळे छातीचा एचआरसीटी, म्हणजे बारकाईचा सीटी स्कॅन, आणि फुंकण्याची पीएफटी तपासणी प्रत्येकाची व्हायलाच हवी, दम लागत नसला तरी.

फेब्रुवारी २०२४ मध्ये सुहानी भटनागर ही अवघ्या १९ वर्षांची अभिनेत्री याच आजारात गेली. त्यानंतर कितीतरी दिवस माझ्याकडे येणारे रुग्ण तीच बातमी मोबाइलवर उघडून समोर धरत. त्यांना मी जे सांगितलं ते तुम्हालाही सांगतो. या आजारात माणूस दगावतो तो बहुधा चार वाटांनी: फुप्फुसं, गिळण्यातली अडचण, औषधांमुळे बळावलेला जंतुसंसर्ग, किंवा उशिरा सापडलेला कॅन्सर. मांड्यांचा अशक्तपणा स्वतः जीव घेत नाही. म्हणजे नजर ठेवायच्या जागा ठाऊक आहेत.

गिळण्याबद्दल विशेष सांगायला हवं, कारण ते रुग्ण आपणहून सांगत नाहीत. घास अडकतो, पाणी पिताना ठसका लागतो, पाणी नाकात येतं, आवाज गेंगाणा होतो: यातलं काहीही नव्याने सुरू झालं तर त्याच दिवशी दवाखाना. घशाचेही स्नायू या आजारात सापडतात आणि घास श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होतो. तोवर आईंना ताठ बसवून, हनुवटी थोडी खाली घेऊन, मऊ भात, पातळ नसलेली खिचडी, घट्ट दही असं द्या, पाणी घोटघोट. जेवल्यावर अर्धा तास आडवं होऊ देऊ नका. हीच घाई दम लागणं आणि तापाबाबत. प्रेडनिसोलोन चालू असताना ताप ही घरगुती काढ्याची गोष्ट नाही. आपल्याकडे टीबी सगळीकडे आहे, म्हणून या औषधांच्या आधी छातीचा एक्स-रे, टीबीची चाचणी, हिपॅटायटिस बी-सीच्या चाचण्या झालेल्या असाव्यात. फ्लूची आणि न्यूमोकोकसची लस घ्यावी. जिवंत जंतूंच्या लसी मात्र या काळात नकोत.

काढ्यावरून आठवलं. ‘प्रतिकारशक्ती वाढवणारं’ काहीही देऊ नका. इथे प्रतिकारशक्ती कमी नाही, वाट चुकलेली आहे. गुळवेल घेणाऱ्यांत लिव्हरचा ऑटोइम्यून दाह झाल्याची प्रकरणं मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदवली आहेत. आणि वाताच्या नावाखाली मिळणाऱ्या बिननावाच्या पुड्यांपासून तर लांबच राहा. दोन दिवसांत उतार पडणाऱ्या पुडीत स्टेरॉइडच कुटून घातलेलं असतं, असं मी पुन्हा पुन्हा पाहिलंय. फरक इतकाच की डोस किती आणि बंद कधी करायचं हे कुणालाच ठाऊक नसतं.

या औषधांनी भागलं नाही तर पुढे वाटा आहेत. इम्युनोग्लोब्युलिनची सलाइनं त्यातली एक, ज्याला आयव्हीआयजी म्हणतात. डर्मॅटोमायोसायटिसच्या ९५ रुग्णांवरची चाचणी २०२२ मध्ये प्रसिद्ध झाली. सोळा आठवड्यांनी हे औषध मिळालेल्यांपैकी ७९ टक्के सुधारले, खोटं सलाइन मिळालेल्यांत ४४ टक्के. गिळण्याचा त्रास असेल किंवा जंतुसंसर्गाच्या भीतीने इतर औषधं वाढवता येत नसतील तेव्हा मी याच्याकडे वळतो. खर्च लाखांच्या घरात जातो, म्हणून शासकीय योजनेत काय बसतं ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आधीच विचारून ठेवा. प्रतिकारशक्तीच्या पेशी कमी करणारं रिटुक्सिमॅब आहे, आणि तो सततचा इंटरफेरॉनचा इशारा दाबणाऱ्या जॅक इनहिबिटर गोळ्याही हट्टी आजारात वापरतो आहोत.

तुमच्यासाठी आणि भावासाठी एक ओळ: हा आजार रक्ताच्या नात्याने थेट उतरत नाही आणि संसर्गाने तर पसरतच नाही. तुम्हाला आत्ता कसल्याही तपासण्यांची गरज नाही.

आता मोदक. गणपतीला अजून सात महिने आहेत, आणि सीपीके ज्या वेगाने उतरलं ते पाहता मला आशा वाटते. खाली बसणं ही आईंसाठी सगळ्यात अवघड हालचाल आहे, त्यात मांड्या आणि नितंब दोन्ही पूर्ण लागतात. म्हणून ती थेट करायची नाही, वरून खाली उतरायची. घरात गुडघ्याच्या उंचीचं घट्ट स्टूल असेल तर त्यावर दोन जाड घड्या केलेल्या चादरी ठेवा. त्यावरून हात न टेकता सलग आठ वेळा उठता आलं, आणि दुसऱ्या दिवशी मांड्या जड पडल्या नाहीत, की एक चादर काढा. असंच पुढे दुसरी. मग चौरंग आणि त्यावर उशा. मग एक उशी कमी. शेजारी भिंत किंवा पलंगाची कड हवी, आणि कुणीतरी उभं हवं. दिवसाआड, पंधरा-वीस मिनिटं, जेवणानंतर लगेच नको. कुठल्या आठवड्यात मागे जावं लागलं तर वहीत लिहा आणि चादर परत ठेवा. दोन आठवडे सलग मागेच जात असतील तर मला नाही, तुमच्या डॉक्टरांना दाखवा. आणि गणपतीपर्यंत चौरंगापर्यंतच पोचता आलं, तर यंदा उकड आणि सारण चौरंगाच्या उंचीला आणा. मोदकाला पाकळ्या पाडणारी बोटं त्यांची आजही शाबूत आहेत.